तिसऱ्या वळणावरचा प्लग

असं समजा, की तुम्ही एका अंगणात उभे आहात. समोर गोठा आहे, गोठ्यात चार गाई. वर चाऱ्याचा माळा आणि माळ्याला टेकवलेली लाकडी शिडी. अंगणाच्या मधोमध स्टँडवर लावलेली एक जुनी मोटरसायकल. तिच्याशेजारी स्टुलावर एक माणूस बसला आहे. त्याचा डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे आणि पालथ्या घातलेल्या बादलीवर ठेवला आहे. आता त्या माणसाच्या हातात एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर द्या. दिलात? मग चार पावलं मागे सरका. तो चिडलेला आहे.

त्याची मुलगी मात्र मागे सरकलेली नव्हती. ती अकरा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. आत्ता मात्र ती कार्बोरेटरशेजारी उकिडवी बसून बाबांच्या बोटांकडे बघत होती.

"किक मार!" बाबा गोठ्याकडे तोंड करून ओरडले.

आई धार अर्धवट टाकून आली. हात पदराला पुसले, अनवाणी पायानेच किक मारली. पहिली फुकट गेली. दुसऱ्या किकने उलटा झटका दिला आणि दांडा तिच्या नडगीवर बसला. तिने फक्त श्वास आत ओढला. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि गोठ्यातल्या चारही गाई एकदम उठून उभ्या राहिल्या.

आवाजच तसा होता. हा सगळा मामाचा प्रताप.

बाबा पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करायचे. तीन आठवड्यांपूर्वी एक इंजिन ठोकळ्यावरून घसरून त्यांच्या पायावर आलं. तेव्हापासून दूध पोचवण्याचं काम आईकडे आलं. दोन किटल्या, वीस-वीस लिटरच्या, गाडीच्या दोन्ही बाजूंना. घरापासून रस्ता सरळ डोंगर चढायचा, तीन वळणं घेऊन खिंडीत जायचा, आणि खिंडीपलीकडे दूध संकलन केंद्र. सातला तिथून टँकर निघे. आईने चार दिवसांत गाडी शिकून घेतली आणि दोन आठवड्यांनी चढावरच गाडीचा गंजलेला सायलेन्सर दोन तुकडे होऊन रस्त्यावर पडला.

त्या मॉडेलचा सायलेन्सर आता कुठे मिळत नव्हता. मग मामा एक घेऊन आला. चकचकीत, आखूड, आतून मोकळा.

"ताई, बघच तू. वाघासारखी गुरगुरेल," मामा म्हणाला होता.

"मला दूध न्यायचंय, शिकारीला नाही जायचं," आई म्हणाली होती.

पण दुसरा पर्याय नव्हता. मामाने सायलेन्सर बसवला, चहा प्यायला आणि गेला. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, बरं झालं. आमचं गजराचं घड्याळ बिघडलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिलं वळण चढली, दुसरं चढली, आणि तिसऱ्या वळणावर, जिथे चढ सगळ्यात उभा आहे, तिथे आचके देऊ लागली. आईने हँडलची मूठ जितकी जोरात पिळली तितकी गाडी ढिली पडत गेली आणि शेवटी बंद पडली. इंजिन इतकं तापलं होतं की जवळ हात नेववेना. पंधरा मिनिटांनी ती सुरू झाली. आई केंद्रावर पोचली तेव्हा टँकर निघून गेला होता. दोन्ही किटल्या तशाच परत आल्या. दुपारपर्यंत दूध फाटलं.

"काही नाही, जरा हवा-पेट्रोलचं जमवावं लागेल," बाबा म्हणाले. त्यांना खरं तर बरंच वाटलं होतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणाला तरी त्यांच्या हातांची गरज पडली होती.

त्यांनी भिंगरीला प्लग काढायला लावला. कसा धरायचा, पाना कसा बसवायचा, सगळं नीट समजावलं. "हे बघ, प्लगच्या तोंडाचा रंग बघायचा. काळा असला म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त होतंय. पांढरा असला म्हणजे कमी पडतंय. आणि भाजलेल्या विटेसारखा असला, की सगळं ठीक."

"आणि कमी-जास्त कशाने होतं?"

"दुधात पाणी घातलं की दूध पातळ होतं ना? तसं. पेट्रोलमध्ये हवा जास्त झाली की मिश्रण पातळ. हवा कमी झाली की घट्ट. सकाळी गार इंजिनाला आपण चोक ओढतो तेव्हा काय करतो? हवेची वाट अडवतो. म्हणजे घट्ट मिश्रण आत जातं."

प्लग काळा होता. काजळी धरलेला.

"बघ! पेट्रोल जास्त होतंय," बाबा म्हणाले आणि हवेचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला. गाडी स्टँडवर सुरू केली, कान लावला, अजून पाव फेरा काढला. आवाज साफ झाला. बाबांचा चेहराही. "आता ऐक. कशी सुरात आलीये."

दुसऱ्या दिवशी सुरात आलेली गाडी तिसऱ्या वळणावर त्याच जागी बंद पडली. रस्त्याच्या कडेला आदल्या दिवशी आईने चाकाखाली लावलेला दगड अजून तिथेच होता.

त्या दिवशी केंद्रावरच्या मापाऱ्याने वही उघडलीच नाही. "वहिनी, हा दुसरा उशीर. महिन्यात तीन झाले की नंबर जातो, तुम्हाला माहीत आहे. सतरा नंबरसाठी मागे नऊ जण थांबलेत. मी काही करू शकत नाही."

"गाडी बिघडलीय, दादा."

"गाडी मला गेटपर्यंत ऐकू येते. ती येते, पण टँकर गेल्यावर." मागे उभ्या असलेल्या दोघांना हसू आलं. आईने किटल्या परत चढवल्या. किटल्यांवर पांढऱ्या रंगात सतरा लिहिलेलं होतं. ते आकडे भिंगरीनेच रंगवले होते.

तर ही त्याच संध्याकाळची गोष्ट. गाडी सुरू होती, गाई उभ्या होत्या, आणि बाबा पुन्हा स्क्रू फिरवत होते. प्लग आजही काळाच निघाला होता.

"अजून पेट्रोल जास्त! किती हवा द्यायची हिला?" बाबा पुटपुटले. पाव फेरा बाहेर. कान लावला. "आवाजात तर काही खोट नाही."

"उतारावर सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात," आई म्हणाली. "आज कालच्यापेक्षा जास्त फुटले."

"तू एकदम सोडतेस म्हणून. हळू सोडायचं असतं."

"हळूच सोडते."

"आणि चढावर एकदम पिळतेस. गाडी अंगणात ठीक चालते आणि तुझ्या हातात गेली की बंद पडते. आता याचा अर्थ मी काय घ्यायचा?"

आईने पदर कमरेला खोचला. तिच्या नडगीवर निळी गाठ आली होती. "तुम्ही काय घ्यायचा तो घ्या," ती म्हणाली, "माझी धार राहिलीय," आणि गोठ्यात गेली.

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर स्टुलावर आपटला. तो उडून गाडीखाली गेला. वाकून घ्यायला गेले तर प्लास्टरचा पाय बादलीवरून घसरला आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला, जो मी इथे लिहीत नाही. भिंगरीने स्क्रू-ड्रायव्हर काढून दिला.

"बाबा, प्लग आपण कधी बघतो?"

"आत्ताच बघितला ना."

"तसं नाही. आई डोंगर उतरून आल्यावर बघतो. मग वर चढताना तो काळा असतो, की उतरताना होतो?"

"प्लग म्हणजे काय सरडा आहे, घडीघडी रंग बदलायला?"

"पण माझ्या पाटीवर…"

"भिंगरे, डोकं खाऊ नकोस. जा, आईला मदत कर."

ती गेली. पण राग आला होता. आपलं चुकलं असं कुणी म्हटलं तर एवढं वाईट वाटत नाही. आपलं पूर्ण ऐकूनच घेतलं नाही, तर ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्हालाही कधी असं झालं असेल. वैरण टाकताना ती गाईलाच सांगत होती, "पाटीवर शेवटी लिहिलेलंच दिसतं. आधीचं पुसलेलं असतं. एवढंच तर सांगत होते."

गाईने कान हलवला. घरात तेवढ्या एकीने ऐकून घेतलं.

सकाळी आई किटल्या बांधत असताना भिंगरी येऊन उभी राहिली. "मी येते. बंद पडली तर ढकलायला."

आईने बाबांकडे बघितलं नाही. "बस मागे. घट्ट धर."

भिंगरीच्या दप्तरात पुस्तकं नव्हती. प्लगचा पाना होता आणि जाड फडकं.

दोन किटल्यांच्या मध्ये बसून ती निघाली. पहिलं वळण. थंड वारा, आईच्या पाठीची ऊब, आणि खालून तो कानठळ्या बसवणारा आवाज. दुसरं वळण. मग चढ उभा झाला, आईने पूर्ण पिळलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. आतून कोरडा, खणखणीत झाला, पण जोर गळत गेला. पहिला आचका बसला. आईचे खांदे ताठ झाले.

"आई, आता बंद कर!"

"अगं, बंद पडणारच आहे, मी कशाला…"

"पिळलेलं असतानाच बटण दाब! मूठ सोडायच्या आधी! दाब ना!"

आईने वैतागून बटण दाबलं आणि क्लच धरला. गाडी थांबली. आईने पाय टेकले, भिंगरीने उडी मारून तोच ओळखीचा दगड चाकाखाली सरकवला. इंजिनातून टिक-टिक आवाज येत होता.

"काय वेड लागलंय तुला? सहा पंचवीस झालेत."

भिंगरीने प्लगची टोपी उपटली, पाना बसवला. पाना फिरेना. तिने दोन्ही हातांनी लोंबकळून जोर लावला. फडक्यातूनही चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं, पण तिने हात सोडला नाही. प्लग सैल झाला. तिने तो फडक्यात धरून उजेडाकडे केला.

पांढरा. खडूसारखा पांढरा. काजळीचा ठिपकासुद्धा नाही.

"आई, बघ! काळा नाहीच आहे हा. उतारावर तू सोडून येतेस ना, तेव्हा काळा होतो. चढावर हिला पेट्रोल कमी पडतंय! आणि बाबा रोज अजून कमी करतायत!"

आईने प्लगकडे बघितलं. मग घराच्या दिशेने, खाली. तिला हसावं की रडावं ते कळेना. "म्हणजे रोज संध्याकाळी मी किका मारून मारून…" ती थांबली. "बरं. कळलं. पण त्याने वर कसं जायचं? टँकर काय आपला प्लग बघायला थांबणार आहे?"

हे मात्र खरं होतं. भिंगरीने प्लग परत बसवला. पेट्रोल कमी. घट्ट करायचं. कशाने? डोक्यात एकदम उजेड पडला.

"चोक ओढू या. अर्धा."

"गरम इंजिनाला चोक? तुझ्या बाबांना कळलं तर ते दुसरा पायही मोडून घेतील."

"त्यांना कुठे दिसतंय?"

आईने मिनिटभर इंजिन निवू दिलं आणि किक मारली. पाचव्या किकला गाडी सुरू झाली. चोकची दांडी कार्बोरेटरवरच होती, झिजून सैल झालेली. अर्ध्यावर ठेवली की हादऱ्याने खाली पडायची. मग भिंगरीने काय केलं, तर एका हाताने आईची कंबर धरली आणि किटलीवरून वाकून दुसऱ्या हाताच्या बोटांनी दांडी अर्ध्यावर धरून ठेवली. किटलीची कड बरगड्यांत रुतत होती. आईने क्लच सोडला. गाडी अडखळली, खोकली… आणि मग आवाज भरला. कोरडेपणा गेला. चाक दगडापासून सुटलं आणि गाडी तिसरं वळण चढू लागली. सावकाश, पण एकदाही आचका न देता.

"चढतेय!" आई ओरडली. "अगं, चढतेय ही!"

मापाऱ्याने हातातल्या घड्याळाकडे बघितलं. सहा सत्तावन्न. मग किटलीवर वाकलेल्या, धुळीने माखलेल्या मुलीकडे. "सतरा नंबर," तो म्हणाला आणि वही उघडली.

घरी आल्यावर आईने गाडी स्टँडवर लावली. किटल्या धुवायला बसली. भिंगरीने बाबांना सगळं सांगितलं, पाटीपासून चोकपर्यंत. बाबांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मग म्हणाले, "गरम इंजिनाला चोक."

"हो."

"आणि चढली."

"हो."

बाबांनी कपाळावर हात मारला. "तीस वर्षं मी पंपांची इंजिनं करतोय. पंप एका जागी असतो गं. जिथे बसवला तिथेच ऐकायचा. ही गाडी मी अंगणात ऐकत बसलो. अंगणात हिला ओझं कुठे आहे? स्क्रू हळू चालण्याचा, आणि बंद पडते पूर्ण पिळल्यावर. तिथे तर मोठ्या जेटचं राज्य, पेट्रोल त्याच्याच भोकातून जातं." ते स्वतःवरच चिडून बोलत होते. "जुन्या सायलेन्सरने हिचं नाक दाबलेलं होतं. मामाने मोकळं केलं. हवा भरपूर आणि पेट्रोल तेवढंच. जा, माझी औषधाची जुनी डबी आण."

डबीत भंगारातल्या कार्बोरेटरमधून काढलेले जेट होते. पितळेचे, मण्याएवढे, मधोमध केसासारखं भोक. प्रत्येकावर बारीक आकडा, मोठा आकडा म्हणजे मोठं भोक. बाबांनी एक डोळ्याजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

"दिसत नाही मला," शेवटी ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कुणासमोर उच्चारलं नव्हतं.

भिंगरीने आकडे वाचून जेट ओळीने मांडले. गाडीत पंच्याण्णव निघाला. बाबांनी तिच्याकडून शंभर बसवून घेतला. कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली केली, म्हणजे सुई तेवढी वर राहील आणि पेट्रोलला वाट मिळेल. आणि रोज काढत आलेला स्क्रू मोजून परत आत घेतला.

"पण आता अंगणात ऐकायचं नाही," भिंगरी म्हणाली.

"नाही." बाबांनी गोठ्याच्या दिशेने आवाज दिला. "अगं, ऐकतेस का? किटल्यांत पाणी भरून वर जाऊन येशील? तिसऱ्या वळणावर पिळलेली असताना बंद करायची. भिंगरी प्लग काढेल. मग बंद गाडी उतारावरून घरंगळत आणा आणि प्लग मला दाखवा." मग थोडं थांबून, "तुझी चूक नव्हती."

आईने किटली पालथी घातली. "भिंगरे, तुझे बाबा काय म्हणाले? या सायलेन्सरने मला हल्ली नीट ऐकू येत नाही."

"म्हणाले, तुझी चूक नव्हती."

"जोरात सांगायला सांग."

बाबांनी जोरात सांगितलं. शेजारच्या काकांनी कुंपणावरून डोकं वर काढलं आणि पुन्हा खाली घेतलं.

त्या दुपारी दोन फेऱ्या झाल्या. शंभरच्या जेटने प्लग फिकट राखाडी आला. एकशे पाचच्या जेटने भाजलेल्या विटेसारखा. बाबांनी तो फडक्यावर ठेवून उन्हात फिरवून फिरवून बघितला आणि बराच वेळ खिशात ठेवला. संध्याकाळी तोच पुन्हा बसवला.

आता शेवटची सकाळ. आई एकटीच निघाली. अंगणात बाबा आणि भिंगरी. मामाच्या सायलेन्सरचा एक फायदा होता, गाडी कुठे पोचली ते घरबसल्या कळायचं. पहिलं वळण. दुसरं. बाबांनी श्वास रोखला, प्लास्टरवरची बोटं घट्ट झाली. तिसऱ्या वळणावर आवाज जाड झाला, भरला, एकसारखा राहिला. एक, दोन, तीन… भिंगरी मोजत होती. अठ्ठाविसाव्या आकड्याला आवाज खिंडीत शिरला आणि पलीकडे विरून गेला.

गाई बसल्या.

मग बाबांनी डोकं जरा तिरकं केलं. भिंगरीला ते तिरकं डोकं चांगलंच ओळखीचं होतं. त्यांचा हात स्टुलावर चाचपू लागला.

"चढली खरी," ते म्हणाले, "पण आवाज जरासा जाड वाटतोय, नाही? संध्याकाळी नुसता पाव फेरा…"

भिंगरीने स्टुलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, शिडी चढून माळ्यावर गेली, तो चाऱ्यात खोल खुपसला, खाली उतरली आणि शिडी ओढत ओढत शेजारच्या काकांच्या कुंपणापलीकडे नेऊन ठेवली.